डबा, अंधारासकट

जानेवारी १८६४. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर गावी, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचं छायाचित्र घेतलं. कॅमेरॉनबाईंचा जन्म कोलकात्याचा. नुकताच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला होता. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून त्यांनी तिथे स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला बेटाच्या दुसऱ्या टोकाला राइड ते शँक्लिन रेल्वे धावू लागली. एकाच वर्षी, एकाच बेटावर कॅमेरॉनबाईंचा कॅमेरा आणि ही नवी रेल्वे कामाला लागले खरे. पण आगगाडीच्या आत कॅमेरा जाण्याचा योग त्या काळात फारसा आला नाही.

कारण साधं होतं. त्या काळी छायाचित्र ओल्या कोलोडियनचा लेप दिलेल्या काचेवर घेत, आणि तिला प्रकाश भरपूर लागे. काचेच्या स्टुडिओतसुद्धा कॅमेरॉनबाई माणसांना काही मिनिटं निश्चल बसवत. डब्यात त्याहून कितीतरी अंधार, आणि मुळात थर्ड क्लासच्या बाकांचं चित्र हवंय कुणाला? याच बेटावर राणी व्हिक्टोरियाचा ऑस्बर्न हाउस हा वाडा आहे. त्या वाड्यातल्या दालनांची छायाचित्रं जपून ठेवलेली आहेत. माणसांनी ज्यात बसून प्रवास केला त्या डब्यांच्या वाट्याला हे आलं नाही. इंजिनांचे फोटो मात्र उदंड.

याची किंमत पुढे मोजावी लागली. बेटावर एके काळी ५५ मैलांच्या आसपास लोहमार्ग होता आणि त्यावर मुख्य भूमीवरून आणलेले जुने डबे धावत. नवे बोगीवाले डबे आले तसे चारचाकी लाकडी डबे निकालात निघाले. चाकं काढून नुसते सांगाडे विकले गेले. कुणी समुद्राकाठी सुट्टीची घरं केली, कुणी माळ्याची खोली, कुणी कोंबड्या ठेवल्या. त्यांतच ते टिकले. राइड-न्यूपोर्ट मार्ग फेब्रुवारी १९६६मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बेटावरची शेवटची वाफेची गाडी थांबली. १९७१ साली काही हौशी मंडळींनी उरलीसुरली इंजिनं आणि डबे हेवनस्ट्रीटला हलवले. आज वुटनपासून स्मॉलब्रुकपर्यंत साडेपाच मैल त्यांची गाडी धावते. घरांमधून सोडवून आणलेले सांगाडे सदर्न रेल्वेच्या जुन्या पार्सल डब्यांच्या चौकटींवर चढवून पुन्हा रुळांवर आणले गेले.

असा सांगाडा दुरुस्त करणाऱ्याला आतली रचना सांगणार कोण? स्क्रूची जुनी भोकं. रंगाचे एकाखाली एक थर. फळीवरचा फिकट चौकोन, म्हणजे तिथे कधी काळी चौकट टांगलेली असणार. आतला एखादा स्वच्छ फोटो हाती असता, तर यातलं कितीतरी काम वाचलं असतं. म्हणून जुन्या गाडीच्या आतला फोटो हा माझ्या मते आधी दस्तऐवज आहे आणि मग चित्र.

पण तो काढणं सोपं नाही. या डब्यांना आतून जायला वाट नाही. प्रत्येक कप्पा स्वतंत्र, दोन्ही बाजूंना दार, समोरासमोर दोन बाक. मागे सरकायला जागाच नसते. दार उघडून फलाटावर उभं राहावं, तर समोरच्या खिडकीतून येणारा उजेड आतलं सगळं काळं करून टाकतो. रुंद लेन्स लावली की जवळचा बाक ताणून सोफ्याएवढा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा बाकाच्या पाठीच्या उंचीवर, अगदी सपाट धरायचा, म्हणजे दारांच्या उभ्या रेषा कलत नाहीत. दिवस ढगाळ निवडायचा. वार्निशवरची चकाकी कमी करायला पोलरायझर चालतो. फ्लॅश नकोच, तो लाकडावर पांढरा डाग पाडतो आणि गादीच्या बटणांच्या खळ्या पुसून टाकतो. ट्रायपॉड उभ्या गाडीतच उपयोगाचा. चालत्या गाडीत लाकडी फरशी थरथरते, तिथे हात आणि गुडघेच बरे.

आता जवळून बघा. दारातून खाली लोंबणारा चामड्याचा पट्टा, त्याला ओळीने भोकं. खिडकी हवी तेवढी उघडायची आणि पितळी खुंटीवर ते भोक अडकवायचं. अशा पट्ट्याच्या कडा हाताळून हाताळून काळ्या, गुळगुळीत होतात. वर सामानाची जाळी. पाठीच्या वर किनाऱ्यावरच्या गावांची छोटी चित्रं, रेल्वेनेच स्वतःच्या जाहिरातीसाठी लावलेली. फर्स्ट क्लासमध्ये गुबगुबीत बटणदार गादी आणि हात टेकायला जागा. थर्डमध्ये पातळ गादी किंवा कोरी फळी. प्रवाशाची पायरी ठरायची ती या गादीच्या जाडीवर. इंग्लंडमध्ये १९५६ला थर्डचं नाव बदलून सेकंड झालं. आपल्याकडे थर्ड क्लास गेला तो १९७४ साली. फोटो काढताना दोन्ही वर्गांचे कप्पे त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने घ्यावेत. फरक मग आपोआप बोलतो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. हल्ली चार-पाच एक्स्पोजर जोडून कोपरान् कोपरा उजळलेला फोटो करता येतो. दुरुस्तीच्या नोंदीसाठी तो जरूर घ्या. पण तेवढ्यावर थांबलात तर डबा खोटा दिसतो. १८६०च्या दशकात या डब्यांत संध्याकाळी उजेड म्हणजे छतातल्या भोकातून सोडलेला तेलाचा एक दिवा. दिवेवाला टपावरून चालत तो वरून आत ठेवत असे, आणि कधी तर दोन कप्प्यांत मिळून एकच. प्रवासी समोरच्याचा चेहरा त्या पिवळट काळोखातच बघत होते. एक फोटो तरी तसाच घ्यावा, गादीवर पडलेल्या खिडकीच्या उजेडापुरतं एक्स्पोजर ठेवून, बाकी काळोखाला हात न लावता. कॅमेरॉनबाईंनी चेहऱ्यांभोवती सावली राखली, ती या बेटावरच्या पुढच्या फोटोवाल्यांना दिलेली शिकवणच आहे.

आपल्याकडेही हे काम पडून आहे. मुंबईतल्या डीसी विजेच्या लोकल एप्रिल २०१६मध्ये संपल्या. डेक्कन क्वीनला जून २०२२मध्ये नवे एलएचबी डबे लागले, डायनिंग कारसकट. जुन्या डब्यांच्या शेवटच्या फेरीच्या दिवशी फलाटावर उभं राहून इंजिनासमोर सेल्फी घेणारे खूप होते. जुन्या डायनिंग कारमधल्या खुर्चीचा पाय फरशीला कसा बसवला होता, सामान ठेवायच्या फळीचा ब्रॅकेट कोणत्या घडणीचा होता, खिडकीची कडी कुठल्या बाजूला फिरायची, हे कुणाच्या तरी कॅमेऱ्यात असेल, तर त्याने ते फोटो तारीख आणि डब्याचा नंबर लिहून ठेवावेत. एलएचबीच्या आधीच्या, जुन्या आयसीएफ घडणीच्या डब्यांचं उत्पादन २०१८ला थांबलं. अजून धावणाऱ्या डब्यांतली निळी रेक्झिन, साखळीचा लाल दांडा, खिडकीच्या आडव्या सळ्या आणि वरच्या बर्थवर चढायची ती लोखंडी पायरी आजही तिकीट काढून, शांतपणे, उभ्या गाडीत टिपता येते.