जळगाव कोर्टातून राज्यसभेत

सुरतच्या उधना जंक्शनवरून फुटणारी तापी लाइन नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. याच लाइनीने खान्देशातली कितीतरी माणसं उधन्यात आली, लूमवर लागली, इथलीच झाली. उधना ज्या नवसारी मतदारसंघात येतं, तिथले खासदार सी. आर. पाटीलही मूळचे जळगाव जिल्ह्यातले, एकेकाळचे पोलीस कॉन्स्टेबल. ते मतं मिळवून दिल्लीला गेले. जळगावचे अ‍ॅड. उज्ज्वल निकम मात्र वेगळ्या दाराने गेले.

निकमांची सुरुवात जळगावच्या जिल्हा कोर्टातली. तिथे सरकारी वकिलाचा दिवस बोर्डावरच्या केसेस, फितूर होणारे साक्षीदार आणि ‘तारीख पे तारीख’ यात जातो. पण सरकारला एखाद्या खटल्यापुरता विशेष सरकारी वकीलही नेमता येतो. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात निकमांची अशी नेमणूक झाली आणि जिल्ह्याचा वकील देशाला माहीत झाला. पुढे २६/११च्या हल्ल्याचा खटलाही त्यांनीच चालवला आणि त्यात अतिरेकी कसाबला २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असं निकमांनी २०१५ मध्ये सांगून टाकलं. कोर्टाबाहेरच्या कॅमेऱ्यांची नस त्यांना सापडली होती, हे त्यावरून कळतं. राजकारणात ती उपयोगी पडतेच.

तरी २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईत भाजपच्या तिकिटावर ते काँग्रेसच्या वर्षा गायकवाडांकडून १६,५१४ मतांनी हरले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. लोकसभेला पडलेल्या माणसाला हे चालतं का? चालतं. राज्यघटनेच्या कलम ८० प्रमाणे राष्ट्रपती केंद्र सरकारच्या सल्ल्याने १२ सदस्य नेमतात. त्यासाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही चार क्षेत्रं दिली आहेत. वकिली त्यात नाही. वकिलाला बसवायचं तर समाजसेवेतच बसवावं लागतं, आणि हा शब्द भलताच ऐसपैस आहे.

मुदत सहा वर्षांची. असा सदस्य विधेयकांवर मत देतो, उपराष्ट्रपती निवडतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र त्याला मत नाही. मतदारसंघ नसल्यामुळे खासदार निधीसाठी त्याला देशातला कुठलाही जिल्हा निवडता येतो. म्हणजे उधन्यातल्या एखाद्या मंडळाने वाचनालयाच्या खोलीसाठी अर्ज घेऊन जळगाव गाठलं, तर निदान नियम तरी आडवा येणार नाही.