परसातलं खुराडं

खुराडं बांधताना आधी मुंगसाचा विचार करावा. मुंगूस फटीतून शिरतं, जमीन उकरूनही आत येतं. म्हणून साध्या मोठ्या भोकांच्या जाळीवर विसंबू नका. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि ती फूटभर जमिनीत गाडा. दाराला नुसती खिटी नको, घट्ट बसणारी कडीच हवी.

रात्रीच्या निवाऱ्याला दर कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट जागा धरा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत कमी येतं. वारा खेळता हवा, पण थेट अंगावर नको. त्यासाठी हवेची जाळी छपराखाली, वरच्या भागात ठेवावी. कोकणातल्या पावसात तर छपराच्या कडा दीड-दोन फूट पुढे काढल्याच पाहिजेत. ओल आत आली की खाली अंथरलेला तूस कुजतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पक्षी आजारी पडतात. तुसाचा थर दोन-तीन इंचांचा असावा, अधूनमधून उलथावा. वास आला तर तूस बदलायला वेळ लावू नका.

बसायला दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच बांधा. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं.