पाच काळे पट्टे, पिवळी पाठ. मालवणच्या खडकात दिसणारा हा मासा कोणता?

मालवण : सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेलेल्या माणसाच्या मोबाईलात एक मासा हमखास सापडतो. अंगावर काळे उभे पट्टे, पाठ पिवळी. बरेच जण त्याला ‘निमो’ म्हणून स्टेटसला टाकतात. पण निमो म्हणजे क्लाउनफिश, तो नारिंगी असतो. हा वेगळा. याचं नाव सार्जंट मासा. लष्करातल्या सार्जंटच्या बाहीवर पट्ट्या असतात, त्यावरून हे नाव पडलं.

ओळखायचा कसा?

आधी पट्टे मोजा. पांढरट अंगावर पाच उभे काळे पट्टे आणि वर पिवळसर पाठ असेल तर तो हाच. लांबी फार तर २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मग शेपटी बघा. शेपटीच्या दोन्ही पात्यांवर काळी रेघ असेल तर तो याचा भाऊबंद, कात्रीशेपटी सार्जंट. पट्टे बारीक आणि सहा-सात असतील तर तो बंगाल सार्जंट.

राहतो कुठे?

तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत उबदार पाण्यात, प्रवाळ आणि खडकांच्या आसऱ्याला. खोल पाण्यात तो फारसा जात नाही, म्हणून पोहणाऱ्याला लगेच दिसतो. पाण्यातले बारीक जीव आणि खडकावरचं शेवाळ हे त्याचं खाणं.

राखणदार बाप

मादी खडकावर अंडी चिकटवून निघून जाते. राखण नर करतो. त्या दिवसांत त्याचा रंग निळसर होतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो परांनी अंड्यांना वारा घातल्यासारखं पाणी घालतो, जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावतो. तो हलला की दुसरे मासे अंडी फस्त करतात. म्हणून एखादा मासा एकाच खडकाशी घुटमळत अंगावर येत असेल तर तिथून बाजूला व्हावं.

मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ तोडणं, घरी नेणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. प्रवाळावर पाय देऊ नये, होडीचा नांगर त्यावर टाकू नये, माशांना पाव-बिस्किटं घालू नयेत. पाहुणा येतो तो मासे बघायला. खडक मोडला तर मासा राहणार नाही, आणि मासा गेला तर होडीवाल्याचा धंदाही बसेल.