गुडघा दुखतोय? त्याला हलू द्या

थंडी पडली की जयपूरच्या खातीपुऱ्यात कंबर आणि गुडघ्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि पाठोपाठ ठरलेला सल्ला: पट्टा बांधा, पडून राहा. मंडळी, कृपया तेवढ्यावर थांबू नका!

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असं स्पष्ट म्हटलंय.

फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक आणि मशीन नव्हे. शेकाने घटकाभर बरं वाटतं, खरा आधार स्नायू देतात. गुडघ्याचा साधा व्यायाम बघा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. मांडीवर हात ठेवलात तर पुढचा स्नायू घट्ट झालेला लगेच कळतो. तो बळकट झाला की सांध्याला आधार मिळतो. थोडं ठणकलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर प्रमाण कमी करा आणि फिजिओंना सांगा.

आपल्या जयपूरला सरावाचं महत्त्व सांगायला नकोच. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी इथेच जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला. तो पाय बसवल्यावरही चालणं सरावानेच जमतं.

मात्र कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जा.