पडदा फिरला की मजकूर कोठे जातो?

एखाद्या विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर भरावयास घेतला आहे असे समजा. नाव, गाव, शाळा हा तपशील लिहून झाला, छायाचित्र जोडले, पाच विषयांचे गुण एकेक करून यादीत घातले. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून तिने फोन आडवा केला, तो काय! नाव व गाव जागच्या जागी आहेत. पण छायाचित्र नाही, आणि गुणांची यादीही रिकामी. अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. मात्र काही मजकूर राहावा व काही जावा, ह्यातच दोषाचा माग लागतो.

फोन आडवा झाल्याचे प्रथम त्वरणमापकास कळते. ह्या सूक्ष्म उपकरणात सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर एक चिमुकला भार तोललेला असतो. फोन कलला की पृथ्वीच्या ओढीने तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते आणि त्याबरोबर त्यांची विद्युत्-धारिताही बदलते. त्यावरून गुरुत्वाकर्षणाची दिशा ठरते. (फोन टेबलावर सपाट ठेवून फिरविला तर पडदा बहुधा फिरत नाही, कारण तेव्हा सारी ओढ पडद्याला लंब असते.) आपल्या अर्जाच्या बाबतीत ह्या उपकरणाने आपले काम चोख केले होते.

घोटाळा पुढे आहे. अँड्रॉइड प्रणालीत ॲपच्या एका पृष्ठास ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. उभ्या पडद्याची मांडणी निराळी, आडव्याची निराळी असू शकते. आणि ती निवडली जाते पृष्ठ उभारतानाच. म्हणून पडदा फिरला की प्रणाली एरवी जुने पृष्ठ मोडते व नवे उभारते. ज्या चौकटींना ओळखनाम दिलेले असते त्यांतील अक्षरे ती आपण होऊन जपते. म्हणून नाव राहिले. छायाचित्र व यादी मात्र पृष्ठाच्याच चलांत ठेवलेली होती. पृष्ठ गेले, तीही गेली.

उपाय दोन, आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पृष्ठ मोडण्यापूर्वी प्रणाली ‘बंडल’ नावाचे एक गाठोडे पुढे करते. त्यात थोडकाच मजकूर ठेवावा. अशा साऱ्या देवघेवींसाठी मिळून सुमारे १ मेगाबाईट जागा असते, व २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून गाठोडे फुगले तर ॲप बंद पडू शकते. छायाचित्र स्वतंत्र फायलीत ठेवून तिचा पत्ता तेवढा गाठोड्यात घालणे शहाणपणाचे. दुसरा उपाय २०१७ साली आलेल्या ‘व्ह्यूमॉडेल’चा. ते पृष्ठाबाहेर राहते, म्हणून फिरण्यातून वाचते. परंतु स्मृती अपुरी पडून प्रणालीने सारे ॲपच गुंडाळले तर ते नष्ट होते. गाठोडे तेव्हाही परत मिळते.

पुष्कळजण तिसरी वाट धरतात : पडदा उभाच जखडून ठेवावयाचा. हा उपाय नव्हे, दोषावरचे पांघरूण होय. कारण फोनची भाषा किंवा खिडकीचा आकार बदलला तरी पृष्ठ असेच मोडते. शिवाय २०२५ च्या सोळाव्या आवृत्तीसाठी सिद्ध केलेल्या ॲपांची ही सक्ती मोठ्या पडद्यांवर एरवी मानली जात नाही.

एक दोष उशिरा उघडकीस येतो. जाळ्यावरून माहिती आणण्याचे काम चालू असतानाच पडदा फिरला, तर ते काम मोडलेल्या पृष्ठालाच धरून बसते. जुने पृष्ठ स्मृतीतून हटत नाही, आणि आलेले उत्तर नव्या पृष्ठास पोहोचत नाही.

तपासणी मात्र सोपी आहे. अर्ज अर्धा भरावा, फोन आडवा करावा, पुन्हा उभा करावा व काय राहिले ते टिपावे. मग विकसकांसाठीच्या सेटिंगमधील, पृष्ठ सोडताच ते मोडून टाकणारी सोय चालू करावी, ॲपबाहेर जाऊन परत यावे. पहिल्या परीक्षेत टिकलेला मजकूर दुसरीत गेला, तर तो केवळ व्ह्यूमॉडेलमध्ये होता असे समजावे.