सिडनीतला पांढरा ससा

सिडनीच्या सेंट्रल रेल्वे स्थानकापासून आणि तिथल्या चायनाटाउनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, चिपेंडेल भागात ‘व्हाइट रॅबिट’ हे समकालीन चिनी कलेचे दालन आहे. ज्युडिथ निल्सन यांनी जमवलेला संग्रह लोकांना पाहता यावा म्हणून ते २००९ मध्ये सुरू झाले. एकेकाळी इथे रोल्स-रॉइस गाड्यांची दुरुस्ती होत असे. आता चार मजल्यांवर चित्रे, शिल्पे, व्हिडिओ आणि खोलीभर पसरलेल्या मांडण्या दिसतात. संग्रहात २००० नंतरच्याच कलाकृती घेतल्या जातात, त्यामुळे झपाट्याने बदललेला चीन इथे ताजा भेटतो.

या संग्रहातली गाओ रोंग यांची २०१० मधली कलाकृती पाहण्यासारखी आहे. बीजिंगमध्ये त्या भाड्याने राहत होत्या त्या तळघरातल्या घराचे प्रवेशद्वार त्यांनी जसेच्या तसे उभे केले आहे. पाइपांवरचा गंज, विजेचा मीटर, ओल धरलेली भिंत, सगळे हुबेहूब. जवळ जाऊन निरखले की उलगडते, हे सारे कापडावरचे भरतकाम आहे! गंजाचा एकेक डाग सुईदोऱ्याने भरलेला. गरिबीच्या खुणा इतक्या मायेने जपलेल्या क्वचितच पाहायला मिळतात.

संग्रह मोठा असल्याने सगळे एकदम मांडता येत नाही. ठरावीक काळाने प्रदर्शन बदलते. प्रवेश विनामूल्य आहे. तळमजल्यावरच्या चहाघरात चिनी चहा आणि वाफाळते डम्पलिंग मिळतात.