खेळातला खटला: 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली नाट्यतंत्रे

नाटकाचा विषय दोन शब्दांत सांगता येतो; आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागते. 'स्त्री आणि समाज' हा विषय झाला. 'आयुष्यात हरलेली माणसे एकटी बाई तावडीत सापडली की तिचे न्यायाधीश होऊन बसतात' हे आशयसूत्र. कादंबरीत असे वाक्य निवेदक सहज बोलून जातो. नाटकात बहुधा निवेदक नसतो आणि पात्राच्या तोंडी ते घातले तर त्याचे भाषण होते. म्हणून चांगला नाटककार दाराच्या कडीतून, एखाद्या खेळण्यातून, गाण्यातून, बोलण्याच्या ढंगातून ते प्रेक्षकाच्या मनात थोडेथोडे उतरवत नेतो. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावे असे नाटक आहे. १९६७ साली 'रंगायन'ने ते अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती.

मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात येते. रात्रीच्या कार्यक्रमात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालायचा आहे. गावातल्या सामंतला कोर्टाची रीत माहीत नाही. ती त्याला दाखवावी आणि हाताशी असलेला वेळही जावा म्हणून एक खोटा खटला मांडायचे ठरते. आरोपी ठरते शिक्षिका लीला बेणारे आणि आरोप भ्रूणहत्येचा.

नाटकात नाटक ही युक्ती जुनी आहे. 'हॅम्लेट'मध्ये राजाचा गुन्हा उघडा पाडायला तिचा उपयोग होतो. तेंडुलकर तिची दिशा फिरवतात. इथे लपलेला गुन्हेगार सापडत नाही. इथे खेळाच्या आडून एका बाईचे खासगी आयुष्य सगळ्यांसमोर ओढून काढले जाते. खेळाचा फायदा असा की त्यात कोणावरच जबाबदारी येत नाही. बेणारे चिडली, तर तिलाच खेळ कळत नाही असे म्हणता येते. ती गप्प राहिली, तर प्रश्न पुढे सरकतात. सामंत साक्ष म्हणून एका सवंग कादंबरीतला मजकूर सांगतो, आणि तो नेमका बेणारे आणि प्राध्यापक दामले यांच्या संबंधांना जाऊन भिडतो. हे दामले नाटकभर रंगमंचावर येतच नाहीत. बेणारेच्या पोटात वाढणारे मूल त्यांचे आहे. तरीही पिंजऱ्यात ती एकटी उभी राहते. एका पात्राला बाहेर ठेवून तेंडुलकरांनी पुरुषाला मिळणाऱ्या मोकळिकीबद्दल जे सांगितले, ते लांबलचक संवादांनीही साधले नसते.

खटल्याची रचनाही नीट पाहावी. न्यायाधीश काशीकर आसनावरून उतरून स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे फिर्यादीचे वकील आहेत आणि बचावाचेही. न्यायाचे सगळे सामान जागच्या जागी आहे, फक्त न्याय नाही. या माणसांना एवढा चेव कुठून येतो, याचे उत्तर पहिल्या अंकातच मिळते. तिथे बेणारे प्रत्येकाची उणीव सामंतपुढे हसत हसत मांडते: पोंक्षे परीक्षेत नापास झालेला, सुखात्म्यांकडे अशिलांची वानवा, कर्णिक यश न मिळालेला नट, काशीकर पतिपत्नींना मूल नाही, रोकडे त्यांच्या अन्नावर वाढलेला. प्रेक्षक तेव्हा तिच्याबरोबर हसतो. पुढे तीच माणसे कोर्टाची भाषा बोलू लागतात, तेव्हा त्या हसण्याची किंमत कळते. ही उपरोधाची बांधणी आहे, आणि ती एखाद्या चमकदार वाक्यावर अवलंबून नाही. ती दोन अंकांमधल्या अंतरावर उभी आहे.

सुरुवातीलाच बेणारेचे बोट दाराच्या कडीत चिमटते. कडी अर्धवट राहिली तर दार बाहेरून बंद होते, हेही सामंतच्या बोलण्यात येऊन जाते. तेव्हा कोणी त्याकडे फारसे लक्ष देत नाही. पुढे बेणारे निघून जायला धावते तेव्हा दार उघडत नाही. पूर्वसूचन म्हणतात ते हेच. पण यातून पुढच्या घटनेची तयारी होते तेवढ्यावर ते थांबत नाही. दार कोणी मुद्दाम लावलेले नसते, ते आपोआप लागते. सापळा रचायला इथे कोणी खलपुरुष लागत नाही, हा आशय त्या एका कडीत मावला आहे. विद्यार्थी प्रतीकांची यादी करतात तेव्हा सामंतजवळच्या कापडी पोपटाला मान देतात आणि कडी विसरतात. खरे तर कडीचे काम जास्त खोल आहे.

'शांतता' हा शब्दही असाच बदलत जातो. आधी तो कोर्टातल्या पुकाऱ्यासारखा, थोडा गमतीचा वाटतो. मग तो फक्त एकाच व्यक्तीला गप्प करायला वापरला जातो. शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद दिले जातात. रंगमंचावरची बाकीची पात्रे थिजतात आणि बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते: मामाकडून झालेला विश्वासघात, दामल्यांवरचे प्रेम, देहाबद्दलचा राग आणि ओढ, पोटातल्या जीवासाठी जगण्याची इच्छा. स्वगत संपते आणि काशीकर वेळ संपल्याचे सांगतात, जणू कोणी काही बोललेच नाही. कोर्टाच्या घड्याळात दहा सेकंद गेले आहेत. तिचे म्हणणे प्रेक्षकाने ऐकले, कोर्टाने नाही. स्वगत हे पात्राच्या मनातले सांगायचे साधन असते. इथे तेच साधन तिचे एकटेपण मोजून दाखवते.

निकाल असा लागतो की बेणारेने जगावे, पण तिच्या पोटातला गर्भ नष्ट व्हावा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्ट शिक्षा म्हणून तीच हत्या फर्मावते. तेंडुलकरांनी हा विरोध कोणालाही बोलून दाखवू दिलेला नाही, आणि हा संयम या नाटकाची सगळ्यात मोठी ताकद आहे. निकालानंतर मंडळी पुन्हा साधी, प्रेमळ होतात, खेळ मनावर घेऊ नको म्हणतात आणि रात्रीच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागतात.

बेणारे उठत नाही. घरटे हरवलेल्या चिमणीचे बालगीत तिच्याच आवाजात कुठून तरी ऐकू येते. सामंत दबकत येतो, आपला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.